जुन्या घरात अर्थिंगच नाही, मग सॉकेट वापरायचे कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या पेठांमधले वाडे, गिरगाव-परळ-लालबागच्या चाळी, नाशिक-कोल्हापूरकडची गावठाणातली घरं आणि साठ-सत्तरच्या दशकातल्या बिनलिफ्टच्या सोसायट्या, अशा ठिकाणी राहणाऱ्यांसाठी हे लिहिलंय. या घरांची मूळ वायरिंग झाली तेव्हा वीज म्हणजे दोन-चार बल्ब, एखादा पंखा, रेडिओ आणि जमलंच तर इस्त्री, त्यामुळे फेज आणि न्यूट्रल अशा दोन वायरींवर भागलं. आज त्याच दोन वायरींवर फ्रीज, गिझर, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह सगळं चालतंय आणि या प्रत्येकाला तिसरी, म्हणजे जमिनीत जाणारी अर्थची वायर लागते. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते खाली घेतलेत.

आमच्या बोर्डवर तीन भोकांचे सॉकेट आहेत, म्हणजे अर्थिंग आहेच ना?

नाही, तसं धरून चालू नका. बाजारात सॉकेट बहुतेक तीन भोकांचाच मिळतो, त्यामुळे जुना खराब झाला की वायरमन नवा तीन भोकांचा बसवून जातो, मागे वायरी मात्र दोनच असतात. जुन्या घरातला बोर्ड उघडून बघितला तर बऱ्याचदा हेच दिसतं: लाकडी पेटीत धूळ आणि कोळ्याची जाळी, रबराच्या जुन्या वायरी ज्यांचं आवरण बोट लावलं तरी भुगा होऊन पडतं, आणि सॉकेटच्या वरच्या टर्मिनलचा पितळी स्क्रू कारखान्यातून आला तसाच, कधी कुणी पिळलेलाच नाही. ते वरचं मोठं भोक अर्थचं. त्यात प्लगची पिन जाते पण पुढे ती कशालाच जोडलेली नसते.

याहून वाईट प्रकार पण असतो. हिरवी वायर सगळ्या सॉकेटना जोडलेली असते, दिसायला सगळं व्यवस्थित, पण ती वायर मीटरच्या बोर्डापर्यंत येऊन तिथेच संपते, जमिनीत गेलेलीच नसते. अशा घरात एका गिझरमध्ये बिघाड झाला की त्या हिरव्या वायरीतून करंट फ्रीजच्या बॉडीवर, वॉशिंग मशीनच्या बॉडीवर, सगळीकडे फिरतो. म्हणजे बिघाड बाथरूममध्ये आणि शॉक स्वयंपाकघरात. म्हणून नुसती हिरवी वायर दिसली म्हणून समाधान मानू नका, ती शेवटी कुठे जाते ते शोधा.

अर्थिंग नसेल तर नेमकं होतं काय? आमचं चाळीस वर्षं काही बिघडलं नाही.

उपकरण चांगलं असेपर्यंत काहीच होत नाही, आणि यामुळेच लोक निर्धास्त राहतात. अर्थिंगचं काम फक्त बिघाडाच्या वेळी असतं. समजा गिझरचं हीटिंग एलिमेंट फुटलं किंवा मशीनच्या आतली वायर घासून पत्र्याला टेकली, तर बॉडीवर २३० व्होल्ट येतात. अर्थिंग असेल तर तो करंट हिरव्या वायरीतून जमिनीत जायला लागतो आणि संरक्षण नीट असेल तर सप्लाय बंद पडतो. अर्थिंग नसेल तर बॉडी तशीच जिवंत राहते, मशीन पण छान चालत राहतं, कुणाला काही कळत नाही, आणि मग कुणीतरी ओल्या हाताने, अनवाणी पायाने हात लावतं तेव्हा तो करंट माणसातून जमिनीत जातो.

आकडे बघा. ओल्या अंगाचा रोध साधारण हजार ओहम धरला तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर करंट अंगातून जाऊ शकतो. १ मिलिअँपिअरच्या आसपास झिणझिण्या कळतात, १० च्या पुढे हाताचे स्नायू आवळले जातात आणि धरलेली वस्तू सोडताच येत नाही, ३० च्या पुढे श्वास अडकायला लागतो आणि त्यावर गेलं की हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो. २३० हा आकडा यातल्या सगळ्याच्या कितीतरी वर आहे. चाळीस वर्षं काही झालं नाही कारण त्या वर्षांत घरात पाणी आणि वीज एकत्र आणणारी यंत्रं फारशी नव्हतीच.

पण आम्ही फ्यूज काढून सगळीकडे एमसीबी लावलेत, मग काय भीती?

हा गैरसमज सगळ्यात जास्त आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. एमसीबी म्हणजे ठरावीक आकड्याच्या वर करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, तो वायर वाचवतो, माणूस वाचवत नाही. १६ अँपिअरचा एमसीबी पडायला १६ च्या वर करंट जावा लागतो आणि झटक्यात पडायला तर साधारण ८० ते १६० अँपिअर लागतात. माणूस मरायला अँपिअरचा विसावा भाग सुद्धा पुरतो. एमसीबीला तुमच्या अंगातून जाणारा करंट आणि एखादा छोटा बल्ब यात फरकच कळत नाही.

आणि नुसतं अर्थिंग केलं तरी प्रश्न पूर्ण सुटतोच असं नाही. तुमच्या अर्थचा रोध ५ ओहम असेल, जो चांगलाच म्हणायचा, तरी २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँपिअर, त्यावर १६ चा एमसीबी पडेल पण काही सेकंद घेईल. रोध २० ओहम असेल तर साडेअकरा अँपिअर, त्यावर तो कधीच पडणार नाही, बॉडी जिवंतच राहील. आपल्याकडे जमीन खडकाळ, खाली काळा पाषाण, कोकणात जांभा, तिथे ५ ओहम मिळवणं सोपं नसतं आणि उन्हाळ्यात माती वाळली की आकडा अजून वर जातो. म्हणूनच अर्थिंग आणि आरसीसीबी अशी जोडी लागते.

आरसीसीबी म्हणजे काय आणि अर्थिंग नसलेल्या घरात तो चालतो का?

चालतो, आणि जुन्या घरात सगळ्यात आधी हाच लावा. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच तो सतत मोजत असतो. थोडा जरी दुसरीकडे, म्हणजे माणसातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत गेला तर फरक पडतो आणि तो सप्लाय तोडतो. या मोजणीला अर्थची वायर लागत नाही. घरासाठी ३० मिलिअँपिअरचाच घ्या, १०० किंवा ३०० चा घेऊ नका, ते माणसाच्या संरक्षणासाठी नसतात. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत सुद्धा घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअरचीच मर्यादा लिहिलेली आहे.

फरक फक्त एवढा की अर्थिंग असेल तर बिघाड झाल्या क्षणी आरसीसीबी पडतो, कुणाचा हात लागायच्या आधी. अर्थिंग नसेल तर कुणीतरी हात लावल्यावर पडतो. म्हणजे शॉक लागतो, दणका बसतो, पण १५० मिलिअँपिअरला ४० मिलिसेकंदांच्या आत सप्लाय तुटला पाहिजे असं प्रमाण आहे, तेवढ्यात जीव वाचण्याची शक्यता खूप जास्त असते. ओल्या बाथरूममध्ये शिडीवर वगैरे असाल तर दचकून पडण्याचा धोका राहतोच.

घेताना सिंगल फेजला दोन पोलचा घ्या, अँपिअर रेटिंग मेन एमसीबीएवढं किंवा त्याहून जास्त, आणि त्यावर आयएस १२६४० या भारतीय मानकाचा उल्लेख आहे का ते बघा. इन्व्हर्टर टेक्नॉलॉजीचे एसी किंवा वॉशिंग मशीन असतील तर ए टाईपचा घेतलेला बरा. आरसीसीबी ओव्हरलोडला पडत नाही, त्यामुळे एमसीबी काढायचा नाही, दोन्ही हवेत. दोन्ही एकत्र असलेला आरसीबीओ पण मिळतो. आणि एक हात फेजला, दुसरा न्यूट्रलला लागला आणि तुम्ही कोरड्या लाकडावर उभे असाल तर तो तुम्हाला वाचवणार नाही, कारण त्याला वाटणार बल्बच चालू आहे.

कुणी "ईएलसीबी आहे की" म्हणालं तर तो किती जुना आहे बघा. जुने व्होल्टेजवर चालणारे ईएलसीबी अर्थच्या वायरीवरच अवलंबून असतात, अर्थ नसेल तर ते नुसते शोभेला. आजकाल दुकानात लोक आरसीसीबीलाच ईएलसीबी म्हणतात ती गोष्ट वेगळी.

वायरमन म्हणतो सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थला एक तुकडा जोडून देतो, काम होऊन जाईल. करू का?

अजिबात नाही. हे आधीच केलेलं असेल तर काढून टाकायला लावा. हा जुगाड महाराष्ट्रभर दिसतो, कारण टेस्टिंगला तो पास होतो. बल्ब लावला तर पूर्ण पेटतो, तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर लावला तर तोही बरोबर दाखवतो, गिझरमध्ये फेज बॉडीला टेकला तर एमसीबी पण लगेच पडतो, त्यामुळे वायरमनला मनापासून वाटतं की आपण भलं केलं.

आता न्यूट्रल तुटला असं धरा. जुन्या इमारतीत हे दुर्मिळ नाही, सांधे सैल झालेले असतात, आणि खूप जुन्या मेन बोर्डवर फेजला एक आणि न्यूट्रलला एक असे दोन किटकॅट फ्यूज असतात, त्यातला न्यूट्रलचा उडाला की झालं. घरात सगळं बंद पडतं, लोकांना वाटतं लाईट गेली. पण फेज अजून येतोय, तो चालू असलेल्या बल्बमधून, पंख्यातून न्यूट्रलच्या वायरीवर येतो आणि त्या छोट्या तुकड्यातून थेट फ्रीजच्या, मशीनच्या बॉडीवर. म्हणजे एकही उपकरण बिघडलेलं नसताना, घरात अंधार असताना, सगळ्या पत्र्यांवर २३० व्होल्ट. अर्थिंग अजिबात नसणं परवडलं, पण हे नको. फेज-न्यूट्रल कुठे उलटे जोडलेले असतील तर न्यूट्रल तुटायची पण वाट बघावी लागत नाही, प्लग लावताक्षणी बॉडी जिवंत.

नळाच्या पाईपला अर्थ केलं तर?

जुन्या काळी हे सर्रास केलं जायचं कारण लोखंडी पाईप जमिनीतून यायचे. आता मध्येच कुठेतरी पीव्हीसी किंवा सीपीव्हीसीचा तुकडा टाकलेला असतो आणि पाईपचा जमिनीशी संबंध तुटलेला असतो. मग तुमच्या मशीनमधला बिघाड वरच्या मजल्यावर नळाखाली हात धुणाऱ्या माणसाला शॉक देतो. गॅसच्या पाईपला तर चुकूनही नाही. खिडकीचे गज, बाल्कनीचं ग्रील, स्लॅबची बाहेर आलेली सळई, यालाही वायर गुंडाळून ठेवलेली बघितली आहे, तीही काढा.

फ्रीजला किंवा कॉम्प्युटरला हात लावला की हलक्या झिणझिण्या येतात. धोक्याचं आहे का?

दोन कारणं असू शकतात आणि नुसत्या स्पर्शाने दोन्हीतला फरक कळत नाही. कॉम्प्युटर, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह यात फिल्टरचे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यातला करंट गुपचूप जमिनीत जातो, नसेल तर बॉडी साधारण अर्ध्या व्होल्टेजवर, म्हणजे ११०-११५ च्या आसपास तरंगत राहते. करंट अगदी थोडा असतो, त्याने माणूस मरत नाही.

दुसरं कारण म्हणजे खरंच लिकेज, कॉम्प्रेसरचं किंवा एलिमेंटचं इन्सुलेशन जात चाललंय. ते आज झिणझिण्या देईल आणि पावसाळ्यात मोठा शॉक देईल. प्लग उलटा करून लावला की झिणझिण्या थांबतात असं काहीजण सांगतात, पण थांबल्या म्हणजे बिघाड गेला असं नाही. मीटर किंवा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून तपासून घ्या. इन्सुलेशन टेस्टला ५०० व्होल्टच्या मेगरवर रीडिंग किमान १ मेगाओहम यायला हवं. आणि घरात कुणी म्हातारं माणूस किंवा लहान मूल "करंट येतोय" म्हणालं तर "काही नाही, चप्पल घाल" असं म्हणून सोडून देऊ नका प्लीज.

घरच्या घरी अर्थिंग आहे का ते कसं तपासायचं?

साध्या निऑन टेस्टरने फक्त फेज कुठे आहे ते कळतं. समोरून बघताना अर्थचं मोठं भोक वर ठेवलं तर फेज उजवीकडे हवा. डावीकडे पेटला तर वायरी उलट आहेत. अर्थच्या भोकात टेस्टर पेटला तर तो सॉकेट ताबडतोब वापरातून बंद करा. तिथे पेटला नाही याचा अर्थ अर्थिंग आहे असा मात्र होत नाही.

मल्टीमीटर वापरता येत असेल तर फेज-न्यूट्रलला २३० च्या आसपास, फेज-अर्थला जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थला एक-दोन व्होल्ट यायला हवेत. फेज-अर्थला ६०, ९०, १२० असं काहीतरी अधलंमधलं आलं तर अर्थ कुठेच जोडलेला नाही, मीटर हवेतलं व्होल्टेज दाखवतोय. न्यूट्रल-अर्थला लोड चालू असताना सुद्धा बरोब्बर शून्य आलं तर सॉकेटच्या आत आधी सांगितलेला न्यूट्रल-अर्थचा तुकडा जोडलेला असण्याचा संशय घ्या आणि बोर्ड उघडून बघायला सांगा.

बल्बची टेस्ट, म्हणजे फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघणं, वायरमन नेहमी करतात. तिच्यात दोन अडचणी आहेत. ६० वॉटच्या बल्बचाच रोध ८८० ओहमच्या आसपास, त्यामुळे तुमचा अर्थ १०० ओहमचा, म्हणजे भिकार असला तरी बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो. आणि हिरवी वायर लोंबकळत असेल तर या टेस्टच्या वेळी बल्बमधून फेज त्या वायरीवर जातो आणि घरातल्या सगळ्या बॉडी तेवढा वेळ जिवंत होतात. म्हणून आधी सगळे प्लग काढायचे आणि कुणालाही कशाला हात लावू द्यायचा नाही. खरा आकडा अर्थ टेस्टरनेच मिळतो, तो लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडे असतो.

आरसीसीबी लावला पण तो सारखा पडतो. वायरमनने काढून टाकला. आता?

परत लावा. जुन्या घरात तो पहिल्याच दिवशी पडणार हे जवळजवळ ठरलेलंच, कारण जे लिकेज इतकी वर्षं कुणी मोजलं नव्हतं ते तो दाखवतोय. सगळे एमसीबी खाली करायचे, आरसीसीबी चढवायचा आणि एकेक एमसीबी चढवत जायचं, ज्याला पडेल त्या लाईनवर बिघाड. मग त्या लाईनवरचे प्लग काढून पुन्हा बघायचं. बहुतेक वेळा गिझर, जुना फ्रीज किंवा गच्चीतला ओला झालेला सांधा निघतो.

एमसीबी सिंगल पोलचे असतात, न्यूट्रल तुटत नाही, त्यामुळे सगळे एमसीबी खाली असूनही पडत असेल तर न्यूट्रल कुठेतरी भिंतीत लागलेला असतो किंवा दुसऱ्या लाईनच्या न्यूट्रलशी मिसळलेला असतो. चाळीत शेजारच्या खोलीचा न्यूट्रल आपल्या बोर्डातून गेलेला असणं ही नेहमीची गोष्ट आहे. हे शोधायला अर्धा दिवस जातो आणि वायरमनला कंटाळा येतो, पण त्यावर काढून टाकणं हा उपाय नाही.

घरात इन्व्हर्टर आहे, त्याने फरक पडतो?

पडतो. इन्व्हर्टरचा न्यूट्रल बाकी लाईनच्या न्यूट्रलला मिसळला असेल तर आरसीसीबी कारण नसताना पडत राहतो. आणि लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालणाऱ्या पॉईंटना संरक्षण हवं असेल तर इन्व्हर्टरच्या पुढच्या लाईनवर वेगळा आरसीसीबी लावायला सांगा.

अर्थिंग नव्याने करायचं तर भिंती फोडाव्या लागतात का?

पूर्ण घर फोडायची गरज बहुतेकदा नसते. लाकडी पट्टी किंवा केसिंग-केपिंगची वायरिंग असेल तर पट्टी उघडून त्यातच हिरवी वायर टाकता येते, पाईप असतील तर जुन्या वायरीबरोबर ओढून घेता येते. १६ अँपिअरच्या पॉईंटला अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची, गिझर-एसीला चारची. सगळीकडे जमत नसेल तर बाथरूम, मोरी, स्वयंपाकघर आणि फ्रीज-मशीनची जागा एवढ्या ठिकाणी आधी करा, हॉलमधला टीव्हीचा पॉईंट नंतर केला तरी चालेल.

पण एक सांगतो, बोर्ड उघडल्यावर रबराची वायर भुग्यासारखी निघाली किंवा ॲल्युमिनियमची निघाली आणि सांधे काळे पडलेले दिसले, तर मग हिरवी वायर टाकून थांबू नका, पूर्ण वायरिंग बदला. त्या वायरींना आगीचा धोका आहे आणि अर्थिंगने आग थांबत नाही.

जमिनीतलं काम म्हणजे तळमजल्याला, शक्यतो ओल राहील अशा जागी, खड्डा. आयएस ३०४३ प्रमाणे साधा पाईप अर्थिंगचा जीआय पाईप किमान अडीच मीटर लांब असतो, भोवती कोळसा-मीठ, वर पाणी घालायला नरसाळं आणि झाकण. उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहायचं, हे काम सोसायटीत कुणालातरी नेमून द्या, नाहीतर कुणीच करत नाही. हल्ली केमिकल अर्थिंग पण करतात, जागा कमी असेल तिथे बरं पडतं. काम झाल्यावर कॉन्ट्रॅक्टरकडून ओहममधला आकडा कागदावर लिहून घ्या.

खड्डा खणायच्या आधी मीटरच्या जागी वीज कंपनीचं अर्थ टर्मिनल आहे का ते बघा. ग्राहकाला सप्लाय सुरू होतो त्या ठिकाणी वापरण्याजोगं अर्थ टर्मिनल देणं ही पुरवठादाराची जबाबदारी नियमांत दिलेली आहे. ते नसेल किंवा गंजून तुटलं असेल तर महावितरण असो, बेस्ट असो की दुसरं कुणी, लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. मीटरच्या पुढची वायरिंग मात्र आपली जबाबदारी.

आम्ही चाळीत तिसऱ्या मजल्यावर, पागडीची खोली. मालक खर्च करत नाही आणि रिडेव्हलपमेंट होणारच आहे. कशाला पैसे घालू?

रिडेव्हलपमेंट "होणारच आहे" असं म्हणत पंधरा-वीस वर्षं गेलेल्या इमारती आपण सगळ्यांनी पाहिल्यात. तोवर त्या मोरीत रोज आंघोळ होणारच आहे. आरसीसीबी तर खोली सोडताना काढून बरोबर नेता येतो, तो मालकाचा नाही, तुमचा, आणि खर्च दोन-तीन हजारांच्या आसपास. अर्थिंगला मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांनी मिळून एक खड्डा आणि जिन्याच्या बाजूने वर जाणारी एक जीआय पट्टी केली तर खोलीमागे खर्च फार येत नाही. गणपतीची वर्गणी जमते त्याच बैठकीत हा विषय काढा, मंडपाच्या लायटिंगची वायर ज्या बोर्डातून जाते तो बोर्ड तरी त्या निमित्ताने कुणीतरी उघडून बघेल.

भाडेकरू असाल तर मालकाला लेखी कळवा, आणि तो ऐकेपर्यंत खालचं उत्तर पाळा.

काम होईपर्यंत काय वापरू आणि काय नको?

बादलीत टाकायचा हीटिंग रॉड पूर्ण बंद. लोखंडी बादलीत तर तो सरळसरळ जीव घेतो, आणि प्लास्टिकच्या बादलीत पण पाणी तापलंय का बघायला लोक बटण चालू असताना हात घालतात. गिझर असेल तर पाणी तापवून घ्या, बटण बंद करा, प्लग काढा आणि मगच बाथरूममध्ये जा, शॉवर चालू असताना गिझर चालू नको.

कुलरबद्दल विदर्भ-मराठवाड्यातल्या लोकांनी नीट वाचा. पत्र्याची बॉडी, आत पाणी, पाण्यात बुडालेला पंप आणि दोन कोअरची वायर, यापेक्षा वाईट जोडणी घरात दुसरी नसते. नागपूर-अकोल्याकडे दर उन्हाळ्यात कुलरच्या शॉकने माणसं, त्यातही पाणी भरायला गेलेली बाई किंवा खेळता खेळता हात लागलेलं पोर, गेल्याच्या बातम्या येतात. पाणी भरताना प्लग काढायचा, बटण बंद करणं पुरेसं नाही कारण वायरी उलट असतील तर बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज तसाच राहतो. हंगामाच्या सुरुवातीला पंपाची वायर बदला, आणि कुलरचा पॉईंट तरी आरसीसीबीवर घ्या. प्लास्टिक बॉडीचा कुलर असेल तर धोका कमी होतो, संपत नाही, कारण पाणी करंट घेऊन येतंच.

वॉशिंग मशीन ओल्या मोरीत असेल तर धुणं काढायच्या आधी प्लग काढा. इस्त्री लाकडी टेबलावर, पायात कोरडी चप्पल घालून. फ्रीज बंद ठेवता येत नाही, त्याच्यासमोर रबरी मॅट टाका, पण मॅट हा उपाय नाही, थोडी मदत आहे.

टीव्ही, मोबाईलचा चार्जर दोन पिनवर चालतात, मग ते धोक्याचे का नाहीत?

त्यांच्यावर एकात एक असलेल्या दोन चौकोनांची खूण शोधा. ती असेल तर इन्सुलेशन दुहेरी आहे आणि त्यांना अर्थ लागतच नाही. अर्थिंग नसलेल्या खोलीत अशी उपकरणं निवडून घेणं शहाणपणाचं.

तीन पिनची दोन पिन करणारा अडॅप्टर वापरला तर?

त्याने अर्थ तुटतो. मोठी पिन कापून टाकणं हाही तोच प्रकार. ती पिन लांब आणि जाड मुद्दाम ठेवलेली असते, प्लग लावताना अर्थ आधी जोडला जावा आणि काढताना शेवटी सुटावा म्हणून. वरच्या भोकात पेन किंवा पेचकस घालून दोन पिनचा प्लग खुपसणं पण बंद करा, खालच्या भोकांवरचं आतलं झाकण मुलांची बोटं आत जाऊ नयेत म्हणून असतं.

एक्स्टेंशन बोर्ड घेताना वायर तीन कोअरची आहे का ते विचारा, स्वस्तातल्या बऱ्याच बोर्डांत तीन भोकं आणि दोन कोअर असतात. आणि स्पाईक गार्डचं अर्धं संरक्षण अर्थवरच चालतं, अर्थ नसेल तर तो महागडा एक्स्टेंशन बोर्डच.

अमेरिकेतला भाऊ म्हणतो तिकडे जुन्या घरात पण अर्थ नसतो आणि कायदेशीर चालतं. खरं आहे?

अर्धं खरं. १९६० च्या दशकाआधीच्या तिकडच्या घरांत दोन फटींचे सॉकेट असतात. तिथे त्याजागी जीएफसीआय सॉकेट लावायची परवानगी आहे, पण त्यावर "अर्थ नाही" असं स्टिकर लावावं लागतं. जीएफसीआय म्हणजे आपल्या आरसीसीबीचाच भाऊबंद, फक्त तो ५ मिलिअँपिअरच्या आसपास पडतो आणि तिकडचं व्होल्टेज १२० आहे. त्यामुळे तत्त्व तेच, पण आपल्या २३० ला सूट कमी.

आरसीसीबी लावून झाला. मग विसरून जायचं?

महिन्यातून एकदा त्यावरचं टी लिहिलेलं बटण दाबा, तो पडायलाच हवा. पडला नाही तर त्याच दिवशी बदला. बटण दाबल्यावर पडला म्हणजे आरसीसीबी चांगला आहे एवढंच कळतं, अर्थिंग कसं आहे ते नाही. अर्थ दर वर्षी पावसाळ्याआधी, मे महिन्यात मोजून घ्या, तेव्हा जमीन सगळ्यात कोरडी असते आणि वाईटातलं वाईट रीडिंग मिळतं.

कुणाला शॉक लागलाच तर आधी काय करायचं?

हात लावू नका. आधी मेन बंद. मेन सापडत नसेल तर कोरड्या लाकडी दांड्याने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने माणसाला वायरीपासून बाजूला ढकला, स्वतः कोरड्या जागी उभं राहून. ओला टॉवेल, लोखंडी सळई नको. माणूस बेशुद्ध असेल आणि श्वास नसेल तर लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, वेगात दाबायला सुरुवात करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. अँब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही. माणूस उठून बसला, "ठीक आहे मी" म्हणाला तरी त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढा, कारण ठोक्यांची गडबड काही तासांनी पण होऊ शकते. आणि ज्या उपकरणाने शॉक दिला त्याचा प्लग काढून त्यावर कागद चिकटवून ठेवा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी संध्याकाळी तो परत लावणार नाही.